हवेला वाट देणारे अच्युत कानविंदे

कापडाच्या धंद्याशी थोडाफार संबंध असलेल्या सुरतकराला अटिरा हे नाव नवीन नाही. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी १९४७ मध्ये उभी केलेली ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था. कस्तुरभाई लालभाई आणि डॉ. विक्रम साराभाई ही तिच्या स्थापनेमागची दोन मोठी नावे. सूत आणि कापडाची परीक्षा तिथे होते हे आपण ऐकलेले असते. पण तिची इमारत कोणी आखली, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ती आखणारा माणूस आपलाच होता, मालवण तालुक्यातल्या आचरा गावचा. त्यांचे नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे.

स्वतंत्र भारतातल्या वास्तुकलेचा इतिहास लिहायचा तर हे नाव सुरुवातीलाच घ्यावे लागते. आपल्या स्मरणिकेत संतांची, क्रांतिकारकांची, नाटककारांची चरित्रे येतात आणि ती यावीतच. यंदा एका इमारती आखणाऱ्याचे चरित्र लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. नकाशे आणि अंदाजपत्रके रोज हाताखालून जातात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या वेसू, पाल, अडाजण भागात काचेच्या दर्शनी भिंतींची कमर्शियल कॉम्प्लेक्स उभी राहिलेली आपण सगळ्यांनी पाहिली. बाहेरून ती देखणी दिसतात. पण दुपारी पश्चिमेचे ऊन काचेतून आत येते म्हणून पडदे ओढावे लागतात, पडदे ओढले की अंधार होतो म्हणून दिवे लावावे लागतात, आणि काच उघडतच नाही म्हणून एसी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. हे कोडे कसे सोडवावे, याचे उत्तर कानविंदे यांनी पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच गुजरातमध्ये, एका दूध डेअरीच्या इमारतीत लिहून ठेवले आहे. त्या उत्तरापर्यंत ते कसे पोहोचले, तीच त्यांची जीवनकथा.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ चा. आचरा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आज सिंधुदुर्गात आहे. रामेश्वराचे देऊळ आणि गावपळण यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारे गाव घरे सोडून वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जाते, तेच हे आचरा. अच्युत दोन वर्षांचा असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. ते माणसांची आणि निसर्गाची चित्रे काढत. मुलगा वाढला तो गावातल्या मोठ्या कुटुंबाच्या गोतावळ्यात.

कोकणातले घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, भिंतींना ऊन आणि पाऊस लागू नये म्हणून पुढे आलेली कौलांची वळचण, घराच्या पुढे पडवी. वर माळा असतो, म्हणजे कौलांची ऊब थेट डोक्यावर उतरत नाही, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. वैशाखातही माजघरात अंधारा गारवा असतो. आपल्यापैकी जी कुटुंबे खानदेशातून सुरतेला आली, त्यांच्या धाब्याच्या घरांतही हेच होते. मातीचे जाड छप्पर आणि त्यात उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेले एक भोक. ही घरे बांधणाऱ्या गवंड्यांनी कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते. पण ऊन आधी बाहेर अडवायचे आणि तरीही आत आलेल्या उष्णतेला वरून वाट द्यायची, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

वडिलांमुळे अच्युतलाही चित्रकलेची ओढ लागली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तो गेला तो त्याच ओढीने, आणि १९३५ मध्ये तिथल्या वास्तुकला विभागात शिकू लागला. तिथे क्लॉड बॅटली हे इंग्रज प्राध्यापक होते. भारतातल्या जुन्या इमारतींकडे ते आदराने पाहत आणि विद्यार्थ्यांनाही पाहायला लावत.

१९४३ मध्ये कानविंदे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीला लागले. परिषद तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि तिची धुरा डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे होती. देशभर प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या. पण प्रयोगशाळेची इमारत कशी असावी, याचा अनुभव आपल्याकडे फारसा कोणाला नव्हता. सरकारने १९४५ मध्ये या तरुण वास्तुविशारदाला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकायला पाठवले.

हार्वर्डला त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही जगप्रसिद्ध शाळा काढणारे ते हेच. हिटलरच्या राजवटीत देश सोडून ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत आले होते. त्यांची शिकवण थोडक्यात अशी की इमारतीवर वरून नक्षी चढवू नका. ती कशासाठी आहे आणि कशापासून बनली आहे यातूनच तिचे रूप येऊ द्या. राजवाड्यांच्या कमानी आणि घुमटांची नक्कल करणाऱ्या सरकारी इमारती पाहत वाढलेल्या तरुणाला हे मोकळ्या हवेसारखे वाटले असणार.

मात्र या विचाराच्या पोटात एक अडचण होती, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. ग्रोपियस यांची शैली थंड देशात जन्मली. जर्मनीत हिवाळ्यात सूर्य दुर्मिळ, त्यामुळे मोठी काच लावून ऊन घरात घेणे हा तिथे शहाणपणा. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काचेच्या भिंतींचे ऑफिस-मनोरे उभे राहू लागले. त्यांच्या पोटात वातानुकूलन यंत्रे होती, म्हणून उन्हाळ्यातही ते चालले. गंमत म्हणजे वातानुकूलनाचा शोध माणसांसाठी लागलाच नव्हता. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगतो आणि रंग सरकतात म्हणून पहिली यंत्रणा बसवली होती. नंतर तीच यंत्रणा ऑफिसात आली, आणि तिच्या भरवशावर वास्तुविशारदांनी उन्हाची काळजी करणे हळूहळू सोडून दिले. इमारतीने करायचे काम यंत्राच्या गळ्यात पडले.

कानविंदे १९४७ मध्ये परतले आणि परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. अटिराची इमारत याच काळातली. त्यानंतर अहमदाबादेतच भौतिक संशोधन प्रयोगशाळा झाली, जिथे साराभाईंचे अवकाश-संशोधन रुजले. या सुरुवातीच्या इमारती पाहिल्या तर हार्वर्डचा ठसा स्पष्ट दिसतो. सरळ रेषा, सपाट छप्पर, बिनानक्षीच्या भिंती. त्या काळी हे फार नवे होते. स्वतंत्र देशाला नवा चेहरा हवा होता आणि तो अशा इमारतींनी दिला.

१९५५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला या निर्णयाचे वजन लगेच कळते. मुख्य वास्तुविशारदाची खुर्ची होती, आणि तिच्या बदल्यात पुढचे काम मिळेल की नाही याची रोजची चिंता पत्करायची होती.

काम मिळाले, आणि तेही मोठे. कानपूरची आयआयटी १९५९ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर आणि तिचा परिसर आखला कानविंदे यांनी. उत्तर प्रदेशातल्या हजार एकरांवर दोन मराठी माणसांनी मिळून एक विद्यानगरी उभी केली, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. कानपूरचा उन्हाळा म्हणजे लू. तिथे अहमदाबादची जुनी पद्धत जशीच्या तशी वापरून चालले नसते. कानविंदे यांनी इमारती उघड्या विटा आणि काँक्रीटच्या केल्या आणि त्या छत असलेल्या लांब मार्गिकांनी एकमेकींना जोडल्या. मोटारी बाहेरच्या अंगाने, माणसे मधून, सावलीतून. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ऊन पडू नये, हा विचार नकाशातच केलेला होता. या अनुभवातून विद्यापीठांच्या परिसररचनेवर त्यांनी एच. जेम्स मिलर यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर आली मेहसाणा. दूधसागर डेअरीची ही इमारत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. मेहसाणा म्हणजे उत्तर गुजरातचा कोरडा, भाजून काढणारा उन्हाळा. त्यात डेअरीचे काम असे की उष्णता आतच तयार होते. दूध निर्जंतुक करायचे म्हणजे सुमारे बहात्तर अंशांपर्यंत तापवायचे, मग झटकन चार अंशांच्या आसपास थंड करायचे. दुधाची पावडर करायची तर त्याहून जास्त उष्णता. बाहेर ऊन, आत वाफ, मध्ये कामगार.

कानविंदे यांनी इथे इमारतीलाच धुराडी दिली. छपराच्या वर उंच गेलेल्या हवेच्या झोतवाटांची एक रांगच तिथे उभी आहे. दुरून पाहणाऱ्याला आधी त्याच दिसतात. आत तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, या वाटांनी बाहेर पडते, आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीवरचे धुराडे आणि वीटभट्टीची चिमणी याच नियमावर चालतात. वाट जितकी उंच आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी ओढ जास्त. वीज लागत नाही, पंखा बिघडत नाही, ऑपरेटर सुट्टीवर जात नाही.

माझ्या मते कानविंदे यांच्या आयुष्यातले खरे वळण हे आहे. ग्रोपियस यांनी शिकवलेले त्यांनी टाकून दिले नाही. इमारतीचे रूप तिच्या कामातून यावे, हाच धडा त्यांनी पुढे नेला. फक्त त्या कामात गुजरातचे ऊनही धरले. तसे धरल्यावर इमारत काचेच्या पेटीसारखी दिसूच शकत नव्हती. ती झोतवाटांच्या उंच रांगेसारखी दिसू लागली, आणि तिच्यात आचऱ्याच्या माळ्याचे, खानदेशातल्या धाब्याच्या भोकाचे तत्त्व काँक्रीटमध्ये परत आले. १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले, तेव्हा जगभरच्या वास्तुविशारदांना ऊर्जेची आठवण झाली. मेहसाणाचा नकाशा त्याआधीच तयार होता.

पुढे मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यांनी आखले. आपल्यातल्या अनेकांनी मुलांना तिथे नेले असेल. भारतीय वास्तुविशारद संस्थेचे अध्यक्षपद आणि तिचे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक त्यांना मिळाले, सरकारने पद्मश्री दिली. साठीनंतरही, सत्तरीनंतरही ते ड्रॉइंग बोर्डापाशी होते. दिल्लीतले इस्कॉनचे मंदिर १९९८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. डिसेंबर २००२ मध्ये वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता सुरतेकडे वळू. कोणी म्हणेल की प्रयोगशाळा, डेअरी, आयआयटी यांचा आपल्या दुकानांशी आणि ऑफिसांशी काय संबंध? संबंध उन्हाचा आणि लाईटबिलाचा आहे. दीड टनाचा एक एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण दीड युनिट खातो. दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साडेचार हजार युनिट झाले, आणि हे एका एसीचे. शंभर-दोनशे गाळ्यांच्या कॉम्प्लेक्सचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यातला किती भाग पश्चिमेच्या काचेमुळे आणि उघड्या तापलेल्या गच्चीमुळे आहे, हा खरा प्रश्न. एसीने काढलेली उष्णता नाहीशीही होत नाही. ती मागच्या गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीत आणि खाली हातगाडी लावून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर सोडली जाते.

मग बिल्डर तशी इमारत का बांधत नाही? कारण सरळ आहे. बांधणारा एक आणि लाईटबिल भरणारा दुसरा. काचेचा दर्शनी भाग गाळा विकायला मदत करतो. छज्जा, दुहेरी भिंत, गच्चीवरचा उष्णतारोधक थर यांचा खर्च बांधणाऱ्याच्या खिशातून जातो आणि त्याची बचत पुढची चाळीस-पन्नास वर्षे दुसऱ्याच्या खिशात पडते. ही गाठ सोडवायला कायदा लागतो. केंद्र सरकारने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. २०१७ मध्ये ती सुधारली. शंभर किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीजभार असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ती आहे. भिंतीतून, छपरातून, काचेतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिच्यात आहेत. नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान पाव हिस्सा वीज वाचावी, हा तिचा हिशेब. दमट सुरतेत नुसत्या हवेने भागत नाही हे खरे. जूनच्या आधीचे चिकट दिवस आपण सोसलेले आहेत, एसी लागणारच. पण आधी इमारतीने उष्णता अडवायची आणि उरलेलीसाठी यंत्र लावायचे, हा क्रम मोडला की बिल वाढते.

हा क्रम पाळता येतो याचा दाखला आपल्या शहरातच उभा आहे. खजोदच्या डायमंड बोर्सचे उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये झाले. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, सुमारे सदुसष्ट लाख चौरस फूट बांधकाम, चार हजारांहून अधिक ऑफिसे. एवढ्या प्रचंड इमारतीत मनोऱ्यांना जोडणारा मधला लांब मार्ग असा आखला आहे की वाहता वारा त्यात शिरून आतून फिरावा. त्या मार्गाच्या जमिनीखालून थंड पाण्याचे नळ फिरवले आहेत, त्यामुळे सगळी हवा गार करण्याऐवजी जमीनच गार राहते. मनोऱ्यांच्या मध्ये मोकळे चौक आहेत. मेहसाणाच्या झोतवाटा आणि खजोदचा वारा ओढणारा मार्ग यांत पन्नास वर्षांचे अंतर आहे, पण विचार एकाच घराण्यातला आहे.

सगळ्यांना डायमंड बोर्स बांधायची नाही. पण आपल्या कुटुंबांतल्या पुढच्या पिढीने दुकाने घेतली आहेत, क्लिनिक काढली आहेत, ऑफिसचे गाळे बुक केले आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. गाळा घेताना चौरस फुटाच्या भावाबरोबर तो कोणत्या दिशेला आहे ते विचारा. पश्चिमेची नुसती काच असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूला सावली करता येते का ते पाहा. आतला पडदा उजेड अडवतो, पण काचेतून एकदा आत शिरलेली उष्णता बरीचशी आतच राहते. खिडकी उघडते का ते हाताने उघडून पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुरतेला एसीची गरज फार कमी असते. सर्वात वरचा मजला घेत असाल तर गच्चीवर पांढरे चायना मोझेक किंवा उष्णतारोधक थर आहे का ते विचारा. आणि एसी चोवीस अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीवर हाच आकडा मुळात लावून येतो, तो उगाच खाली आणू नका.

हे प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके वाढली की बिल्डरही नकाशा काढताना विचार करतील. दुकानदाराच्या हातात तेवढेच आहे, पण ते कमी नाही. इमारतीची दिशा, खिडकी आणि छप्पर एकदाच ठरते, तेही कागदावर. नंतर सुधारता येत नाही, फक्त बिल भरता येते.

अच्युत कानविंदे यांचा पुतळा कुठे चौकात दिसणार नाही. त्यांचे स्मारक म्हणजे मेहसाणात आजही छपरावर उभी असलेली झोतवाटांची ती रांग. उत्तर गुजरातला अंबाजी किंवा मोढेराला जाणारी आपली मंडळी मेहसाण्यावरून जातात. पुढच्या वेळी डेअरीच्या रस्त्याने जाणे झाले तर गाडी क्षणभर हळू करा, मान वर करून पाहा, आणि बरोबर मुले असतील तर त्यांना सांगा की हे एका कोकणातल्या माणसाने केले आहे.